भाताच्या खाचरापासून प्रयोगशाळेपर्यंत : जनुकबदल केलेले उंदीर आणि माणसाचे आजार

(सावर्डे, ता. चिपळूण, जि. रत्नागिरी येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

कोकणात मृगाचा पाऊस स्थिरावून भाताच्या खाचरांत लावणीला वेग येतो, त्याच सुमारास रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढू लागतात, आणि त्यांतील काहींच्या तपासणीत लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे बोलण्यात ज्याला नुसते ‘लेप्टो’ म्हटले जाते तो आजार निघतो. या आजाराचा जिवाणू मळसूत्रासारखा पिळाचा असतो. तो उंदीर, घूस, कुत्री आणि गुरे यांच्या मूत्रपिंडांत वस्ती करतो, त्यांच्या मूत्रावाटे खाचरातील पाण्यात उतरतो आणि चिखलात तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या माणसाच्या पायांच्या भेगांतून किंवा लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतो. माणसाच्या शरीरात तो यकृत, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे यांवर घाला घालू शकतो आणि उपचारास उशीर झाल्यास प्राणही घेतो. परंतु ज्या उंदराच्या मूत्रपिंडात याच जिवाणूने महिनोन्‌महिने ठाण मांडलेले असते, तो उंदीर बांधावरून धडधाकट फिरत असतो. एकच जिवाणू एका सस्तन प्राण्याला मारतो आणि दुसऱ्याच्या शरीरात भाडेकरूसारखा नांदतो, हे कसे, हा प्रश्न सावर्ड्याच्या परिसरातील शेतकऱ्यासाठी पुस्तकी नाही.

या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग प्रयोगशाळेतील उंदरांकडून मिळाला आहे. सस्तन प्राण्यांच्या संरक्षक पेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिने पहारेकऱ्यासारखी असतात. जिवाणूच्या आवरणातील विशिष्ट घटक ओळखून ती शरीराला इशारा देतात, आणि म्हणून त्यांना ग्राहक प्रथिने म्हणतात. त्यांतील टीएलआर-४ या नावाचे ग्राहक उंदराच्या शरीरात लेप्टोच्या जिवाणूचे आवरण ओळखते, परंतु त्याच नावाचे माणसातील ग्राहक ते आवरण ओळखू शकत नाही, असे २००५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. प्रयोगशाळांत पाळल्या जाणाऱ्या ‘सी-थ्री-एच’ कुळातील उंदरांच्या एका शाखेत हा टीएलआर-४ चा जनुक आपोआप बिघडलेला आहे, आणि त्या शाखेची कोवळी पिल्ले लेप्टोच्या संसर्गाने मरतात, तर त्याच कुळातील शाबूत जनुक असलेली भावंडे तगून राहतात. जनुक म्हणजे पेशीतील डीएनए या लांब रेणूचा असा तुकडा, की ज्यात बहुतेक वेळा एखादे प्रथिन घडवण्याची कृती लिहिलेली असते. त्या कृतीतील एक ओळ बिघडताच उंदीर लेप्टोपुरता माणसाच्या जवळ येऊन उभा राहिला. पुढे उंदरात माणसाचे टीएलआर-४ बसवून तशा उंदरांवरही हा आजार अभ्यासला गेला. कृंतकांचे जनुक बदलून त्यांच्याद्वारे मानवी आजारांचा शोध घेणे म्हणजे काय, हे या एका उदाहरणात बहुतांशी येऊन जाते. प्राण्यातील एकच गोष्ट जाणीवपूर्वक बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे आणि मग जे वेगळे घडेल त्याचे कारण त्या एका बदलात शोधायचे, अशी ही रीत आहे. उंदराला छोटा माणूस मानण्याचा समज या रीतीशी जुळत नाही आणि त्याने बरीच दिशाभूलही केलेली आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. उंदीर आणि माणूस यांच्यातील फरक नेमका कोठे आहे हे जितके स्पष्टपणे ठाऊक असते, तितकाच उंदीर संशोधनाच्या उपयोगी पडतो.

आरंभी शब्दांचा उलगडा करणे आवश्यक आहे, कारण मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. कृंतक म्हणजे कुरतडणाऱ्या, आयुष्यभर वाढत राहणाऱ्या पटाशीच्या दातांच्या प्राण्यांचा गण. त्यात उंदीर, घूस, खार, साळिंदर हे सारे येतात, मात्र घरोघरी उंदीर समजून हाकलली जाणारी चिचुंद्री त्यात येत नाही, ती कीटकभक्षी प्राण्यांपैकी आहे. प्रयोगशाळेत ज्याला ‘माऊस’ म्हणतात तो पंचवीस-तीस ग्रॅम वजनाचा लहान उंदीर, आणि ‘रॅट’ म्हणजे त्याच्या दहापट किंवा अधिक वजनाचा मोठा उंदीर. प्राणिगृहात काम करणारी माणसे मराठी बोलतानाही हेच दोन शब्द वापरतात आणि येथेही गरजेप्रमाणे तेच वापरले आहेत. माऊसची मादी साधारण एकोणीस ते एकवीस दिवसांत विते, पिल्ले सहा ते आठ आठवड्यांत वयात येतात, आणि त्यामुळे एका संशोधकाला दोन-तीन वर्षांत आजी-पणजीपासून पणतूपर्यंतच्या पिढ्या पाहता येतात. माऊसच्या जनुकसंचाचा मसुदा डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याच्या जनुकांपैकी सुमारे ९९ टक्के जनुकांना मानवी जनुकसंचात कोठे ना कोठे नातेवाईक सापडतो असे आढळले; रॅटचा जनुकसंच २००४ मध्ये प्रसिद्ध झाला.

जनुक बदलण्याची कला येण्याच्या कितीतरी आधी शुद्ध वाण तयार करण्याची कला आली, आणि ती कोकणातील वाचकाला समजावून सांगणे अवघड नाही. हापूसच्या कोयीपासून उगवलेले झाड हापूस देईलच याचा भरवसा नसतो, म्हणून बागायतदार कलम बांधतो, आणि एकाच मातृवृक्षाची सारी कलमे आनुवंशिक दृष्ट्या एकसारखी निघतात. त्यामुळे दोन कलमांच्या फळांत फरक पडला, तर तो माती, खत, पाणी किंवा मोहरावरील रोग यांमुळे पडला असे खात्रीने म्हणता येते. उंदराचे कलम बांधता येत नाही, म्हणून तेथे सलग वीस पिढ्या सख्ख्या भावंडांचा संकर करतात, आणि त्या अवधीत वाणातील सारे प्राणी जनुकांच्या बाबतीत जवळजवळ एकसारखे होतात. अमेरिकेतील क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९०९ मध्ये असे पहिले वाण सुरू केले. मॅसॅच्युसेट्समधील ग्रॅन्बी या गावी अ‍ॅबी लॅथ्रॉप या बाई हौशी लोकांना विकण्यासाठी रंगीबेरंगी उंदीर पाळीत असत. त्यांच्याकडील उंदरांपासून लिटल यांनी १९२१ मध्ये आज जगभर सर्वाधिक वापरले जाणारे ‘सी-फिफ्टीसेव्हन ब्लॅक’ हे काळे वाण उभे केले, आणि १९२९ मध्ये मेन राज्यातील बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली. एका खेडवळ व्यवसायातील बाईंच्या काटेकोर नोंदवह्यांवर आधुनिक आनुवंशिकीचा पाया रचला गेला, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात जितक्या ठळकपणे सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही.

महाराष्ट्रात उंदराचा आणि वैद्यकाचा संबंध प्लेगने जोडला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आल्यावर वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये आली, आणि तीच आज हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. प्लेग उंदरावरील पिसवांमुळे पसरतो, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत झालेल्या ज्या प्रयोगांनी निर्विवाद केले, त्यांत प्राण्यांचे पिंजरे पिसवा पोहोचतील अशा आणि पोहोचणार नाहीत अशा दोन्ही रीतींनी ठेवून तुलना केली होती. एकच गोष्ट बदलायची आणि बाकीची तशीच ठेवायची, ही शिस्त तेथेही होतीच. फक्त बदल प्राण्याच्या आत न होता पिंजऱ्यात होत होता.

प्राण्याच्या आतील भेद हेच साधन मानणारे संशोधन महाराष्ट्रात उभे राहिले ते कर्करोगाच्या क्षेत्रात, आणि त्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. कमल रणदिवे यांना जाते. कमल रणदिवे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला; हुजूरपागेत शालेय शिक्षण, फर्ग्युसन महाविद्यालयात पदवी आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात पदव्युत्तर अभ्यास अशी वाटचाल करून त्या मुंबईत खानोलकरांच्या हाताखाली आल्या आणि १९४९ मध्ये त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. त्यानंतर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याचे तंत्र जेथे घडत होते तेथे, काम करून त्या परतल्या, आणि परळमध्ये १९५२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. स्तनांच्या कर्करोगाचा त्यांचा अभ्यास उंदरांच्या वाणांवर आधारलेला होता. काही वाणांतील माद्यांना हा रोग पिढ्यानपिढ्या होतो, काहींना जवळजवळ होत नाही, आणि आईच्या दुधातून जाणारा एक विषाणू, शरीरातील संप्रेरके आणि वाणाची आनुवंशिक घडण यांच्या मेळातून रोग उद्भवतो, हे त्या काळी उलगडत होते. रणदिवे यांनी त्या तिन्ही धाग्यांना एकत्र धरून काम केले. त्या केंद्राच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘आयसीआरसी’ हे नाव मिळालेले उंदरांचे वाण मुंबईत घडले, आणि त्याच वाणात पुढे अन्ननलिका अवाजवी फुगण्याचा एक आनुवंशिक विकारही आढळला, जो माणसातील तशाच विकाराच्या अभ्यासासाठी उपयोगी ठरण्याजोगा होता. रणदिवे १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालक होत्या. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. परदेशातून आणलेल्या वाणांवर विसंबून न राहता स्वतःचे वाण राखण्याची त्यांच्या पिढीची जिद्द ही केवळ स्वाभिमानाची बाब नव्हती. वाण हातात असले तरच प्रश्न आपला राहतो.

आपला प्रश्न म्हणजे काय, याचे उत्तर ‘मिश्री’ या वस्तूत सापडते. तंबाखू तव्यावर भाजून, तिची पूड करून ती दातांना घासण्याची सवय कोकणातील आणि देशावरील असंख्य स्त्रियांना होती आणि अजूनही अनेक घरांत आहे. पश्चिमी देशांत ही वस्तूच नसल्यामुळे तिच्या घातकतेचा शोध घेण्याची निकड तेथील प्रयोगशाळांना भासण्याचे कारण नव्हते. मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत, म्हणजे खानोलकर-रणदिवे यांच्या केंद्राच्या पुढच्या अवतारात, १९८० च्या दशकात मिश्रीच्या अर्काची उंदीर आणि हॅमस्टर या प्राण्यांवर तपासणी झाली आणि तिच्यात कर्करोग निर्माण करण्याची क्षमता असल्याचे दिसून आले. सावर्ड्यालगतच्या डेरवण येथील वालावलकर रुग्णालयाच्या साथीने टाटा स्मारक केंद्राने रत्नागिरी जिल्ह्यातील गावोगाव कर्करोगाच्या तपासणीचे काम केले, त्या कामाचा आणि पिंजऱ्यातील या प्रयोगांचा संबंध वरवर दिसत नाही, परंतु तोंड उघडून दाखवणाऱ्या बाईला मिश्री सोडण्याचा जो सल्ला दिला जातो त्याच्यामागे असे पुरावे उभे असतात.

आतापर्यंत सांगितलेल्या साऱ्या वाणांत निसर्गाने केलेले बदल माणसाने निवडले होते. जनुकीय अभियांत्रिकी म्हणजे तो बदल माणसाने स्वतः, ठरवून आणि ठरलेल्या जागी करणे. १९७४ मध्ये रूडॉल्फ येनिश आणि बिअ‍ॅट्रिस मिंट्झ यांनी उंदराच्या अगदी आरंभीच्या गर्भात एका विषाणूचा डीएनए घालून तो प्रौढ प्राण्यात टिकल्याचे दाखवले. १९८० मध्ये जॉन गॉर्डन आणि फ्रँक रडल यांनी फलित अंड्यात थेट डीएनए टोचण्याची पद्धत मांडली. फलनानंतर काही तास अंड्यात आई आणि बाप यांची दोन केंद्रके वेगवेगळी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली, केसापेक्षा कितीतरी बारीक काचेच्या सुईने, त्यांतील बापाकडील मोठ्या केंद्रकात जनुकाच्या प्रती सोडतात, आणि ते अंडे दुसऱ्या मादीच्या गर्भाशयमार्गात ठेवतात, जिचे शरीर नसबंदी केलेल्या नराशी समागमामुळे गर्भ धारण करण्यास तयार झालेले असते. अशा रीतीने परका जनुक बाळगणाऱ्या प्राण्याला ‘ट्रान्सजेनिक’ म्हणजे परजनुकी म्हणतात. डिसेंबर १९८२ मध्ये रिचर्ड पामिटर आणि राल्फ ब्रिन्स्टर यांनी रॅटच्या वाढ-संप्रेरकाचा जनुक घातलेले माऊस जगापुढे आणले, आणि सख्ख्या भावाच्या शेजारी जवळजवळ दुपटीने मोठा उंदीर बसलेला पाहून सामान्य माणसालाही या तंत्राचे सामर्थ्य कळले. मात्र या पद्धतीत जनुक रंगसूत्रावर कोठे जाऊन बसेल यावर कोणाचेही नियंत्रण नसते. कधी तो मुका राहतो, कधी भलत्याच जनुकाच्या मध्येच शिरून त्याला मोडतो.

हा दोष दूर करणारी पद्धत १९८१ ते १९८९ या काळात आकाराला आली. मार्टिन एव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, आणि स्वतंत्रपणे गेल मार्टिन यांनी, १९८१ मध्ये उंदराच्या आरंभीच्या गर्भातून अशा मूलपेशी वेगळ्या केल्या, की ज्या काचपात्रात वाढवता येतात आणि पुन्हा गर्भात सोडल्यास शरीराचा कोणताही अवयव घडवू शकतात. मारिओ कापेकी आणि ऑलिव्हर स्मिथीज यांनी दाखवले, की अशा पेशीत मूळ जनुकाशी दोन्ही टोकांना जुळणारा पण मध्ये बिघडवलेला तुकडा सोडला, तर क्वचित एखाद्या पेशीत तो नेमका मूळ जनुकाच्या जागी जाऊन बसतो. ती दुर्मीळ पेशी औषधांच्या साहाय्याने वेचून काढतात आणि वेगळ्या रंगाच्या वाणाच्या गर्भात सोडतात. जन्मणारे पिल्लू काळे-तांबूस अशा मिश्र रंगाचे निघते, आणि त्याच्या अंगावर तांबूस रंग जितका अधिक, तितका बदललेल्या पेशींचा वाटा अधिक, हे प्राणिगृहातील सेवकालाही नुसत्या डोळ्यांनी कळते. अशा प्राण्यापासून दोन पिढ्यांत तो जनुक पूर्णपणे बंद असलेले ‘नॉकआउट’ उंदीर मिळतात. या कामासाठी कापेकी, एव्हान्स आणि स्मिथीज यांना २००७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे जीवाणुभक्षी विषाणूकडून घेतलेल्या ‘क्रे’ या कात्रीसारख्या प्रथिनाच्या आधारे एखादा जनुक फक्त यकृतात किंवा फक्त मेंदूत, आणि तोही हव्या त्या वयात बंद करणे शक्य झाले, ज्यामुळे गर्भातच मरण पावणाऱ्या प्राण्यांच्या जनुकांचाही अभ्यास करता येऊ लागला.

रॅटच्या बाबतीत हे सारे फार उशिरा घडले, कारण रॅटच्या तशा मूलपेशी २००८ पर्यंत हाती आल्या नव्हत्या. रक्तदाब, हृदय आणि शिकण्याची क्षमता यांच्या अभ्यासाला रॅट अधिक सोयीचा असूनही जनुकबदलाच्या युगात तो माऊसच्या मागे पडला. २०१३ मध्ये क्रिस्पर हे तंत्र उंदरांत वापरले गेले आणि ही तफावत झपाट्याने मिटू लागली. क्रिस्परमध्ये आरएनएचा एक लहान तुकडा वाटाड्याचे काम करतो, त्याच्यातील वीस अक्षरे जनुकसंचातील नेमकी जागा दाखवतात, आणि ‘कॅस-९’ हे प्रथिन तेथे डीएनए कापते. ज्या कामाला पूर्वी वर्ष-दीड वर्ष लागे ते आता काही आठवड्यांच्या कामात उरकते. जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पांतिए यांना यासाठी २०२० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

या जागतिक प्रवाहात महाराष्ट्राची नोंद कोठे होते, असे विचारल्यास नवी मुंबईतील खारघर येथील अ‍ॅक्ट्रेक या संस्थेकडे बोट दाखवावे लागते. परळची कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये खारघरला स्थलांतरित होऊन टाटा स्मारक केंद्राचे हे प्रगत संशोधन केंद्र बनले. तेथील डॉ. सोराब दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये परजनुकी उंदीर तयार करण्याची एक वेगळी वाट प्रसिद्ध केली. अंड्यात सुई टोचण्याच्या पद्धतीला महागडी यंत्रे, वर्षानुवर्षे कमावलेला हात आणि अंडी मिळवण्यासाठी बळी जाणाऱ्या माद्या यांची गरज असते. खारघरच्या संशोधकांनी अंडे बाजूला ठेवून शुक्रपेशींच्या मुळाशी हात घातला: निरुपद्रवी केलेल्या लेंटिव्हायरसमध्ये, म्हणजे पेशीच्या डीएनएत स्वतःचा मजकूर जोडू शकणाऱ्या विषाणूमध्ये, हवा तो जनुक भरून तो नराच्या वृषणात टोचला, तेथील शुक्रजनक मूलपेशींनी तो स्वीकारला आणि त्या नराचा साध्या मादीशी संकर झाल्यावर जन्मलेल्या काही पिल्लांत तो जनुक उतरला. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेतही वृषणामार्गे, पण विजेच्या सूक्ष्म धक्क्याने जनुक आत घालण्याची पद्धत याच्या थोडे आधी विकसित झाली होती. २०१४ मध्ये खारघरच्या गटाने हीच वाट वापरून पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणाऱ्या जोडणीचा अभ्यास केला. ‘१४-३-३ गॅमा’ या प्रथिनाची निर्मिती उंदराच्या वृषणात मंदावताच तेथील पेशींची जोडणी ढासळली आणि नर वंध्य झाले. कर्करोगाच्या पेशी मूळ गाठीपासून सुटून शरीरभर पसरतात त्याचे एक कारण अशी जोडणी सैल होणे हे असल्यामुळे, वृषणातील हे निरीक्षण कर्करोगाच्या अभ्यासालाही जोडलेले आहे. अल्प साधनांतून काढलेली ही वाट म्हणजे तडजोड आहे असे काहींना वाटेल. परंतु ज्या पद्धतीत प्राण्यांवरील शस्त्रक्रिया कमी होतात आणि जी मध्यम ऐपतीच्या प्रयोगशाळेलाही झेपते, ती पद्धत गुणवत्तेनेच श्रेष्ठ मानली पाहिजे. पुण्याच्या आयसर या संस्थेत केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने उभारलेल्या राष्ट्रीय सुविधेत आता जनुकबदल केलेले प्राणी इतर संशोधकांसाठीही तयार होतात, ही त्याच दिशेची पुढची पायरी होय.

या साऱ्या कौशल्याच्या मर्यादा लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. लेश-नायहान या दुर्धर बालविकाराला कारण असणारा जनुक उंदरात बंद केल्याचे १९८७ मध्ये जाहीर झाले, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली, परंतु ते उंदीर जवळजवळ निरोगी निघाले. सिस्टिक फायब्रोसिसचा जनुक बंद केलेल्या १९९२ मधील उंदरांची आतडी बिघडली, पण ज्या फुप्फुसांच्या विकाराने मानवी रुग्ण दगावतात ती फुप्फुसे शाबूत राहिली. कोविडच्या साथीत याउलट घडले. आरंभीचा विषाणू उंदराच्या पेशीवरील एसीई-२ या प्रथिनाला नीट चिकटू शकत नसल्यामुळे साधे माऊस निरुपयोगी ठरले, आणि २००७ मध्ये सार्सच्या अभ्यासासाठी मानवी एसीई-२ घालून अमेरिकेत तयार केलेले वाण तेरा वर्षांनी जगभर मागितले गेले; पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मात्र निसर्गतःच हा संसर्ग होणाऱ्या सीरियन हॅमस्टरचा आधार घेऊन भारतीय लसीची परीक्षा केली. तिन्ही उदाहरणांत निर्णायक ठरला तो उंदीर आणि माणूस यांच्यातील फरक, आणि तो फरक आधी ठाऊक असणे किंवा नसणे.

याहून गंभीर मर्यादा पुण्यातील दुसऱ्या एका कामाने पुढे आणली, आणि डेरवणच्या परिसरात तिचे महत्त्व विशेष आहे. अपुऱ्या आहारावर तब्बल पन्नास पिढ्या वाढवलेल्या विस्टार रॅटचा अभ्यास डॉ. आनंदवर्धन हार्डीकर, डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. या रॅटमध्ये इन्सुलिनचा परिणाम कमी होत होता, शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होते, मधुमेहाकडे त्यांचा कल होता, आणि पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर आहार देऊनही तो दोष निवळला नाही. येथे कोणीही जनुकाचे एकही अक्षर बदललेले नव्हते. भुकेने जनुकांवर, ते केव्हा आणि किती बोलतील हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा उमटवल्या होत्या. कमी वजनाची जन्मलेली पण अंगात चरबी अधिक असलेली भारतीय बाळे पुढे मधुमेहाकडे का झुकतात, हा याज्ञिक यांच्या पुण्यातील अभ्यासाचा दीर्घकालीन विषय आहे, आणि वालावलकर रुग्णालयाच्या परिसरातील किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा ‘डेरवण’ याच नावाने चाललेला अभ्यास त्याच प्रश्नाचा माणसांतील पाठपुरावा करतो. जनुक कापण्याच्या कात्रीने जे दिसत नाही ते उपाशी रॅटच्या पन्नास पिढ्यांनी दाखवले, म्हणून संशोधनाचा सारा पैसा आणि सारी प्रतिष्ठा कात्रीकडेच वळू नये, असे आग्रहाने म्हणावेसे वाटते.

प्राण्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. एका जनुकाच्या दोन्ही प्रती बंद असलेले पिल्लू मिळवण्यासाठी एकेक प्रत बंद असलेल्या आई-बापांचा संकर केल्यास मेंडेलच्या नियमानुसार चारांतले एकच पिल्लू हवे तसे निघते. उरलेली तीन बहुधा कामाची नसतात आणि त्यांना मारले जाते. विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली त्रिसूत्री, म्हणजे शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरणे, प्राण्यांची संख्या घटवणे आणि वेदना कमी करणे, या क्षेत्रात सर्वाधिक कसोटीला लागते ती याच ठिकाणी. भारतात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे, प्रत्येक संस्थेत प्राणी आचारसमिती सक्तीची आहे, आणि जनुकबदल केलेल्या जीवांसाठी १९८९ चे नियम वेगळे लागू होतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या कर्करोगप्रवण उंदरावर अमेरिकेने १९८८ मध्ये पेटंट दिले, कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते नाकारले, आणि भारतीय पेटंट कायद्यात प्राणी हा पेटंटचा विषयच होऊ शकत नाही. ही भारतीय भूमिका योग्य आहे आणि ती कोणत्याही व्यापारी दबावाखाली सोडली जाऊ नये. २०२३ मध्ये औषधचाचणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर आधारलेल्या पद्धतींनाही मान्यता मिळाली. सावर्ड्याच्या गोविंदराव निकम औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची व्यावसायिक कारकीर्द याच संक्रमणाच्या काळात घडणार आहे. त्यांनी उंदीर हाताळण्याचे कौशल्य आणि उंदीर टाळण्याचे शास्त्र ही दोन्ही सारख्याच आस्थेने शिकावीत, आणि जो प्रयोग फसला त्याचीही नोंद प्रसिद्ध करावी, कारण न छापलेला फसलेला प्रयोग दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा होतो आणि तितकेच प्राणी पुन्हा मरतात.

लेप्टोवर सर्वसामान्यांना टोचता येईल अशी लस भारतात अद्याप वापरात नाही, आणि टीएलआर-४ चे ज्ञान औषधाच्या बाटलीत उतरायला आणखी वेळ लागेल. तोवर लावणीच्या दिवसांत खाचरात उतरणाऱ्या प्रत्येकाने पायावरील जखम झाकावी, शक्य असेल तेथे गमबूट घालावेत, आणि ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे अशी लक्षणे दिसताच अंगावर न काढता दवाखाना गाठून, आपण चिखलात काम केले आहे हे डॉक्टरांना न विचारताच सांगावे.